अठ्ठावीसचा कप

सर्जिकल सामानाच्या दुकानात ब्रेस्ट पंप घ्यायला बाळंतीण येत नाही. नवरा येतो, सासू येते, आई येते. कधी दीर येतो आणि दाराशीच उभा राहून फोनवर बोलत राहतो. ज्या बाईला तो पंप लावायचा असतो ती सव्वा महिना घराबाहेर पडत नाही, आणि सव्वा महिन्यानंतर बहुतेक वेळा पंपाची गरज संपलेली असते किंवा दूध.

सीताबर्डीतल्या अशा एका दुकानाच्या काउंटरवर मी एकोणीस वर्षं काढली. स्वतःसाठी पंप घ्यायला स्वतः आलेल्या बायका एवढ्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतक्या. त्यांतल्या दोघी डॉक्टर होत्या.

त्याआधी सहा वर्षं मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होते. आवृत्तीची पानं कमी झाली, मग डेस्कवरची माणसं कमी झाली, आणि त्यांत मी होते. दुकानाचे मालक मनोहरभाऊ माझ्या थोरल्या भावाच्या ओळखीचे. बायकांच्या वस्तू दाखवायला त्यांना काउंटरवर एक बाई हवी होती. डेस्कवर शिकलेल्या दोन सवयी मी दुकानात सोबत नेल्या. समोरचा काहीही सांगत असला तरी चेहरा कोरा ठेवायचा, आणि खात्री नसेल ते बोलायचं नाही. पहिली सवय रोज कामाला आली. दुसरी मी नको तिथे मोडली आणि नको तिथे पाळली.

दुकानात कमरेचे पट्टे, गुडघ्याचे पट्टे, वॉकर, कमोडच्या खुर्च्या, मोठ्या माणसांचे डायपर असं सामान. काचेच्या कपाटात वाफेचं मशीन आणि शुगर तपासायचं मशीन यांच्या मध्ये पंपाचे खोके. बाहेरच्या माणसासाठी सांगायचं तर पंप ही साधी वस्तू आहे. छातीवर बसणारा नरसाळ्यासारखा एक कप, खाली बाटली, मध्ये चोचीसारखं एक छोटं रबर आणि ओढ निर्माण करणारं काहीतरी. ती ओढ हाताने दांडी दाबून होते किंवा विजेवर. कामावर जाणाऱ्या बाईला विजेचा लागतो, कारण कारखान्यात किंवा ऑफिसात तिला मिळतात ती दहा-पंधरा मिनिटं. कधीतरीच काढायचं असेल तर हाताचा पुरतो. रबराच्या फुग्याचा जुना पंप अजूनही कुणी मागतं. तो मी विकत नसे. मनोहरभाऊ विकत.

गिऱ्हाईक चाचरत यायचं. बँकेतल्या माणसासारखा दिसणारा एकजण घडी घातलेली चिठ्ठी माझ्यापुढे सरकवून दुसरीकडे बघत उभा राहिला.

"हाताचा पाहिजे की विजेचा?" मी विचारलं.

"तिने एवढंच लिहिलं आहे."

"फोन करून विचारा."

"इथून?" त्याने आजूबाजूला पाहिलं. दुकानात वॉकर धरून चालून बघणारे एक म्हातारे गृहस्थ होते, त्यांना ऐकूही येत नव्हतं. तरी तो रस्ता ओलांडून पलीकडे गेला आणि बऱ्याच वेळाने परत आला.

"ती म्हणते, चांगला द्या."

खापरखेड्याच्या वसाहतीतून एकदा दोन विहिणी सोबत आल्या. मुलाची आई खोका उलटासुलटा करून म्हणाली, "आमच्या वेळी कुठं होतं वं हे? पहिले गाई-म्हशींले लावत होते, आता बायांलेही लावून राहिले."

मुलीची आई म्हणाली, "तुमच्या वेळी तुम्ही ड्युटीवर जात होत्या का?"

"मी घरची ड्युटी करत होती."

"मंग माझी पोरगी दोन्ही करते. तिले दोन्ही बाजूनं एकदम काढणारं द्या, मॅडम."

त्या दोघींनी दुकानातला सगळ्यात भारी पंप नेला. मुलीला कोणता हवा होता ते मला अजून माहीत नाही. मी विचारलं नव्हतं. आमच्या दुकानात ते कुणी विचारत नव्हतं.

धंद्यातली एक गोष्ट इथे सांगायला हवी. आमच्या दुकानातल्या निम्म्या वस्तू अंगावर चढवायच्या. कमरेचा पट्टा, मानेचा पट्टा, पायाच्या नसांचे मोजे. यातलं काही टोचतं, दुखतं अशी तक्रार आली की काउंटरवरचा माणूस एकच करतो. एक नंबर मोठा देतो. पहिल्या आठवड्यात मला हेच शिकवलं गेलं. दुखतं म्हणजे घट्ट होतं. मोठं द्या, गिऱ्हाईक परत येत नाही. आणि खरंच येत नसे.

प्रशांत दुकानात आला तेव्हा दुपार होती. कारखान्याच्या गणवेशातला तिशीचा माणूस. इतर नवरे घेतात तसे आढेवेढे त्याने घेतले नाहीत.

"मॅडम, लेकरू काचेच्या पेटीत हाय. आठव्या महिन्यातच झाली. ओढाले ताकद नाही तिच्यात. डॉक्टर म्हणते, आईचंच दूध द्या, वाटी-चमच्यानं. ते काढायची मशीन पाहिजे."

मी दोन्ही प्रकार दाखवले.

"लौकर कोणती काढते?"

"विजेची."

"मंग तेच द्या. गॅरंटी किती?"

"मशीनची एक वर्ष."

"दुधाची नाही काय?" तो थोडा हसला. मग कार्ड भरायला बसला. वॉरंटी कार्डावर बाकी सगळे नवरे स्वतःचं नाव लिहीत. त्याने 'सुजाता' लिहिलं. म्हणून ते नाव मला कळलं. लिहिता लिहिता त्याने सांगितलं की दोघंही बुटीबोरीला कामाला, वेगवेगळ्या कारखान्यांत. ती कापड तपासायच्या विभागात, ठेकेदारामार्फत. ठेकेदाराने दोन महिने जागा राखायचं तोंडी कबूल केलं होतं. तेवढ्यात मुलीचं वजन वाढायला हवं होतं.

खोक्यात चोवीसचा कप होता. सगळ्याच खोक्यांत चोवीसचा असतो. हा आकडा कपाच्या नळीची रुंदी सांगतो, मिलिमीटरमध्ये. त्या काळी मला तो कंपनीचा माल-क्रमांक वाटत असे.

आठ-दहा दिवसांनी प्रशांतची आई आली. पांढरं लुगडं, चष्मा, हातात कापडी पिशवी. बोलण्यात अधिकार होता. इंदोऱ्याच्या बुद्धविहारात महिला मंडळाचं काम तिच्याकडे, आणि गल्लीतल्या बाळंतिणी तिच्या सांगण्यावरून चालतात, हे तिने मी न विचारता सांगितलं. पिशवीतून तिने रुमालात गुंडाळलेला कप काढला. सुनेच्या अंगाला लागलेली वस्तू चारचौघांत उघडी धरायची नाही म्हणून तो रुमाल होता.

"बाई, हे लावलं का पोरगी ओरडते. काल रक्त आलं. आन् दूध म्हणाल तर दोन चमचे. म्या तिले डिंकाचे लाडू घातले, मेथी घातली, शतावरी घातली. काहून होऊन राहिलं असं?"

"घट्ट होत असेल," मी म्हणाले.

"घट्ट?"

"कप लहान पडत असेल. मोठा येतो."

मी ड्रॉवर उघडला. समोर अठ्ठावीसचे कप होते. त्यामागे एका पाकिटात कंपनीने नमुना म्हणून पाठवलेले लहान कप, सतरा, एकोणीस आणि एकवीसचे. ते कुणी कधी मागितले नव्हते. पाकीट बाजूला सारून मी अठ्ठावीसचा कप काढला.

"हे लावलं का दूध येईन?"

"दुखायचं थांबलं की येईल."

डेस्कवर असताना एवढ्या तुटपुंज्या माहितीवर मी दोन ओळींची बातमीही सोडली नसती. तिने कप रुमालात गुंडाळला. जाताना म्हणाली, "नात अजून दीड किलोचीच हाय, बाई." माझा चेहरा कोरा होता.

त्यानंतर तीनेक आठवड्यांनी शीला सिस्टर दुकानात आल्या. बाळांच्या एका दवाखान्यात त्या आयांना पाजायला शिकवण्याचं काम करत. गळ्यात ओळखपत्र, हातात प्लास्टिकची पट्टी.

"सतराचे आणि एकोणीसचे कप आहेत का तुमच्याकडे? गावात कुठेच मिळत नाहीत."

मी पाकीट काढून दिलं. त्यांनी ते उघडून बघितलं.

"केव्हापासून पडून आहेत?"

"कुणी मागत नाही."

"मागणार कोण? नवरा?" त्यांनी पट्टी काउंटरवर ठेवली. "तुमच्याकडे दुखतं म्हणून बाया परत येतात ना? मग काय देता?"

"मोठा कप."

"कमरेच्या पट्ट्यासारखा."



सिस्टर रागावल्या नाहीत. पाढे शिकवावेत तशा सांगत गेल्या. कप बोंडाच्या मापाचा लागतो, छातीच्या नाही. बोंडाच्या रुंदीपेक्षा नळी दोन-चार मिलिमीटर जास्त, बस. नळी त्याहून मोठी झाली की भोवतालचा काळा भाग आत ओढला जातो, सुजतो, सुजल्यावर दुधाच्या वाटा दाबल्या जातात, आणि दूध आतच राहतं. ते घट्ट वाटतं, टोचतं, रक्तही येतं. घरचे मोठा कप आणतात. मग आणखी ओढला जातो. आत राहिलेलं दूध निघालं नाही की दोन-तीन आठवड्यांत शरीर बनवणं बंद करतं.

"आपल्याकडच्या कितीतरी बायांना चोवीसच मोठा पडतो," त्या म्हणाल्या. "अठ्ठावीस तर मी फार कमी जणींना दिला असेल."

सगळे लहान कप त्या घेऊन जाणार होत्या. प्रत्येक मापाचा एकेक मी ठेवून घेतला.

दुपारी मी वॉरंटी कार्डांतून प्रशांतचा नंबर शोधला. मनोहरभाऊंनी विचारलं, "किसका नंबर देख रही मॅडम?" मी सांगितलं. ते म्हणाले, "तक्रार आली का त्यांची? नाही ना? मग आपण काहून सांगायचं का आमचा माल चुकला?" मी फोन केला. तो कामावर असावा, उचलला नाही. पुन्हा करायचा असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी दुकानात वॉकरचा नवा माल आला. त्याच्या दुसऱ्या दिवशी काय आलं ते आठवत नाही. मी पुन्हा फोन केला नाही.

सुजाता स्वतः आली ती त्यानंतर पंधरा दिवसांनी. तोंडाला ओढणी बांधलेली, ती सोडून तिने खोका काउंटरवर ठेवला.

"मी सुजाता. तुमच्या कार्डावर नाव असन माझं. हे परत घ्या."

"वापरलेला पंप परत होत नाही बेटा," मनोहरभाऊ म्हणाले. "कहीं भी नहीं होता."

"पैसे नका देऊ. घरात नको मले हे. आई येता-जाता त्याच्याकडे पाहून बोलते."

"काय बोलते?" मी विचारलं.

"म्हणते, मशीन चांगली, कप बी मोठा आणला. विहिरीतच पाणी नसलं तर मोटार काय करीन." हे तिने चाल लावून, सासूच्या आवाजात म्हटलं. सवयीने पाठ झालेलं होतं. "गल्लीत सगळ्यांले माहीत झालं. कोणी लेकराले पाहाले आलं का पहिले मलेच पाहते."

"बाळ कसं आहे?"

"घरी आणली. डब्याच्या दुधावर हाय. वजन वाढून राहिलं आता." ती थांबली. "मले नाही आलं ना दूध."

कमरेचे पट्टे घालून बघायला दुकानात मागे पडदा लावलेली एक जागा आहे. मी तिला तिथे नेलं. शाळेच्या कंपासपेटीतली पारदर्शक पट्टी होती, त्या पट्टीने मी माप घेतलं. तेरा मिलिमीटर. पुन्हा घेतलं. तेराच. बाजूच्या स्टुलावर मी दोन कप ठेवले, तिच्या खोक्यातला अठ्ठावीसचा आणि ड्रॉवरमधला सतराचा. मग सिस्टरनी मला सांगितलं होतं ते सगळं तिला सांगितलं. अठ्ठावीसचा कप कुणी दिला तेही सांगितलं.

तिने अठ्ठावीसचा कप हातात घेऊन त्याच्या नळीत स्वतःचा अंगठा घातला आणि फिरवून बघितला.

"ताई, बांगडी भरतानाही हात पाहतात," ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी डायपरचा नंबर विचारत होतं.

"मंग मले दूध होतं?"

"पहिल्या आठवड्यात छाती दगडासारखी होत होती?"

"होत होती. ताप भरला होता दोन दिवस."

"मग होतं. नक्की होतं. निघत नव्हतं."

मी तिला शीला सिस्टरांचा नंबर लिहून दिला. म्हणाले, बाळाला छातीला लावत राहिलं, सतराच्या कपाने दिवसातून सात-आठदा काढत राहिलं तर पुन्हा येऊ शकतं, काही जणींना येतं. ती म्हणाली, सोमवारपासून ड्युटी आहे, बस सकाळी सहाला येते. तरी तिने सतराचा कप पर्समध्ये ठेवला, नंबराची चिठ्ठीही ठेवली. मग म्हणाली, "ताई, एक काम करा. हे आईले सांगा. माझं नाही ऐकत ते. तुमचं ऐकतीन. दुकानवाल्या बाईनं सांगितलं म्हणूनच मोठा कप लावला होता ना त्यायनं."

आम्ही पडद्याबाहेर आलो. तिने फोन लावला आणि स्पीकर सुरू करून काउंटरवर ठेवला. मनोहरभाऊ पलीकडे उभे होते. डायपरवालं गिऱ्हाईक होतं, अजून दोघं होते.

"आई, दुकानातल्या मॅडम बोलून राहिल्या. ऐका."

"कोण? त्या बाई?" तोच आवाज. "बोला बाई. बरं झालं. तुम्हीच सांगा आता, होतं काय दूध माझ्या सुनेले?"

मनोहरभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग गिऱ्हाइकांकडे पाहिलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं, पण माझं उत्तर त्यांच्यामुळे बदललं असं मी म्हणणार नाही. चारचौघांत, फोनवर, दुकानाच्या नावावर एक विधान करायचं होतं आणि त्याला माझ्याकडे कागद नव्हता. सहा वर्षं डेस्कवर जे केलं तेच मी केलं.

"काकू, ते डॉक्टरच सांगू शकतील," मी म्हणाले.

"मी बी तेच म्हणून राहिली ना. डॉक्टरले विचारलं आम्ही. ते म्हणे, नसते येत कोणाकोणाले." आवाज मवाळ होता. "जाऊ द्या. तिचा बी काही दोष नाही, बाई. अंगच तसं."

सुजाताने फोन बंद केला. माझ्याकडे पाहिलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"अंदर तर म्हणाल्या होत्या," ती म्हणाली.

तिने पर्स उघडली, सतराचा कप काढून पंपाच्या खोक्यावर ठेवला, चिठ्ठी त्याच्याखाली ठेवली, ओढणी बांधली आणि गेली. पुढच्या आठवड्यात मी प्रशांतला दोनदा फोन केला. एकदा उचलला. "आता राहू द्या मॅडम," तो म्हणाला, "लेकरू चांगलं हाय." आईला फोन द्या असं मी म्हणाले. ती विहारात गेली होती.

नंतर मी काउंटरवर एक कागद चिकटवला. त्यावर वेगवेगळ्या मापांची वर्तुळं काढली होती आणि वर लिहिलं होतं, 'पंप घेण्यापूर्वी माप आणा.' नवरे तो कागद वाचत आणि पंप न घेताच परत जात. मनोहरभाऊंनी महिनाभराने तो काढला. मग मी तोंडी विचारू लागले. पंप कुणासाठी, तिला बोलावता येईल का, नाहीतर हा कागद घरी न्या आणि तिला द्या. काही जण नेत. निवृत्त होईपर्यंत सतराचे कप मी स्वतः मागवत राहिले आणि ते संपत राहिले. हे समाधान म्हणून लिहीत नाही. ते आधीही संपले असते, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

सुजाताचा पंप दुकानात मागच्या खोलीत आहे. वापरलेली वस्तू विकता येत नाही.

दैनिकात चूक छापली गेली की दुसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींची दुरुस्ती द्यायची पद्धत होती. बारीक टायपात, क्षमस्व म्हणून. मूळ बातमी वाचणाऱ्यांपैकी ती किती जण वाचतात हे आम्हाला ठाऊक होतं. तरी ती द्यावी लागे, आणि तिच्यात 'कदाचित' हा शब्द चालत नसे.

इंदोऱ्यातल्या त्या सुनेला दूध होतं. पंपाचा कप मोठा होता. तो मी दिला होता.

हे छापून येईल तो दिवाळी अंक त्या घरात जात असेल असं मला वाटत नाही.